कुंकवाखालचं पान

मित्रांनो, मला पाय आहेत, पण मी चालत नाही. मला मांडी आहे, पण तिच्यावर मूल बसत नाही. बसते ते पुस्तक. मी रेहल आहे, उघडे पुस्तक ठेवून वाचण्यासाठी केलेली लाकडी घडी. मिटली की साधी फळी दिसते आणि कोपऱ्यात गुपचूप उभी राहते. उघडली की फुलीसारखे पाय रोवते आणि वरचे दोन पंख पसरते. माझे वय मात्र विचारू नका. माझी मालकीण आमिनाबी स्वतःचे वय कोणाला सांगत नाही, आणि आम्ही दोघी एकाच दिवशी या घरात आलो.

माझा जन्म बीडचा. आमिनाबीचा भाऊ जमील मिस्त्री तेव्हा तरणाबांड होता. बहिणीच्या लग्नात द्यायला त्याने मला एका सागवानी फळीतून काढले. एकाच फळीतून, हे लक्षात ठेवा. फळी मधोमध चिरायची, पण आरपार नाही. मध्यावर दोन्ही बाजूंची बोटे एकमेकांत अडकलेली ठेवायची, आणि मग तीच फळी उघडायची. खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही. एक घाव चुकला की फळी चुलीत. माझ्याआधीची एक फळी तशी चुलीत गेली होती, आणि जमील ते लाज न बाळगता सगळ्यांना सांगायचा.

मग सुरू झाले माझे भाग्याचे दिवस. रोज सकाळी आमिनाबी हात-तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन माझ्यासमोर बसायची आणि माझ्यावर कुराण उघडायची. तिची मुले माझ्यासमोर अक्षरे शिकली, मग नातवंडे शिकली. शेजारणी म्हणायच्या, अशी रेहल आम्हाला पण करून दे रे जमील. ते ऐकून मी आणखी ताठ उभी राहायची. लाकडालाही कौतुक आवडते, मित्रांनो. कोणी नाही म्हटले तर विश्वास ठेवू नका.

पण दिवस फिरले. आमिनाबीच्या धाकट्या लेकाने हैदराबादहून एक चकचकीत धातूची रेहल आणली आणि मला कपाटावर टाकले. तिथे माझ्या अंगावर एक सुटकेस होती, सुटकेसवर रजई. माझे सांधे फुगले. मला उघडताही येईना. खाली घरात पाठ चालायचा, त्याचा आवाज वर यायचा, आणि मी फळीची फळी होऊन पडून राहायची. रडू येत नाही म्हणून लाकडाला दुःख नसते असे नाही.

मला खाली काढले ते आफ्रीनने. आमिनाबीची ही नात बीडच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. खुर्चीवर चढून ती सुटकेस ओढायला लागली तेव्हा आमिनाबी खालून ओरडली, "गिरेंगी ना गे! कायकू होना तेरेकू वो?"

"सरांच्या कामाला पाहिजे, दादीअम्मा. पुरानी किताबांचे फोटो काढायचेत."

आमच्या घरात दोन्ही बोली अशा एकाच ताटात जेवतात.

आता या सरांची ओळख करून द्यायला हवी. बजरंग सर मराठी शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक, आणि नाही मिळाली तर घरी. अंगात साधा शर्ट, पायात धूळ बसलेल्या चपला. शनिवारी दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत ते दोन-चार पोरांना घेऊन बसायचे. जिल्ह्यातल्या घराघरांत दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या वह्या, पोथ्या पडून आहेत, काही मराठीत, काही दखनीत, म्हणजे आमिनाबीच्या बोलीत, पण उर्दू लिपीत लिहिलेल्या. त्यांचे फोटो काढायचे, वाचायच्या, कॉम्प्युटरवर जशाच्या तशा उतरवायच्या, आणि जिथे शंका तिथे खूण करायची. म्हणजे कोणीही, कुठूनही एक शब्द शोधला तर तो कोणत्या गावच्या कोणत्या पानावर आहे ते सापडावे. सरांना कॉम्प्युटर फारसा येत नसे. त्यांना एकच गोष्ट येत असे, विचारायची. पोरांनी काहीही सांगितले की सर म्हणायचे, "कावून?" कावून म्हणजे का. पोरे चिडून त्यांना पाठीमागे 'कावून सर' म्हणायची.

त्यांच्या हाताखाली आफ्रीनची जोडी जमली होती चौसाळ्याच्या सायलीशी. सायलीच्या वडिलांचे हायवेवर मंडप-डेकोरेशनचे दुकान. पोरगी कॉम्प्युटरवर अशी चालायची की बोटे दिसायची नाहीत. आफ्रीन उर्दू लिपी वाचायची, सायली बाकी सगळे सांभाळायची. पण एका घरची जुनी वही टेबलावर सपाट दाबून फोटो काढताना तिची शिवण सुटली. सर रागावले नाहीत. त्यांनी सुटलेली पाने एकेक करून क्रमाने लावली, आणि ते बघून आफ्रीनला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिला मी आठवले. माझ्यावर पुस्तक अर्धेच उघडते, त्याच्या पाठीला ताण बसत नाही.

जमील आता थकला आहे. त्याने मला मांडीवर घेतले, सांध्यात मेणबत्ती घासली, हळूहळू उघडमीट केली. "एकच फळी हाय ही," तो आफ्रीनला म्हणाला, जसे काही तिला माहीतच नव्हते. आमिनाबी मात्र विचारात पडली. ज्या लाकडावर कुराण ठेवले त्याच्यावर कोणाच्या कसल्या वह्या ठेवायच्या? तिने बराच वेळ जपमाळ ओढली आणि मग म्हणाली, "किताब है ना? फिर ले जा. पन जमीन पो नक्को रखना."

अशी मी कपाटावरून एसटीत आले.

आम्ही निघालो होतो केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला, राधाकिशन पाटलांच्या घरी. पाटील म्हणजे मोठी असामी. ऊस, ट्रॅक्टर, राजकारण, आणि ज्या संस्थेचे हे कॉलेज तिच्या कार्यकारिणीवर खुर्ची. सरांची नेमणूक दर वर्षी त्याच टेबलावरून जायची. पाटलांच्या देवघरात एक पोथी होती. त्यांचे एक पूर्वज हरिबा पाटील यांनी ती रचली, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. लिपी कोणाला वाचता येत नव्हती. दसऱ्याला गावात मोठा कार्यक्रम करून पोथीची पूजा करायची, आणि हरिबांना आद्यकवी म्हणून जाहीर करायचे, असे पाटलांनी ठरवले होते. त्यांची अट एकच, पोथी घराबाहेर जाणार नाही. आणि इच्छाही एकच, दसऱ्याच्या आत पोरींनी ती वाचून द्यावी.

सिमेंटचे नवे घर, लखलखीत फरशी. छबुबाई, म्हणजे पाटलांच्या कारभारणी, यांनी लाल कापडातली पोथी आणून समोर ठेवली. आफ्रीन म्हणाली, "काकू, एक पाट देता का? हिला जमिनीवर ठेवायचं न्हाई, असं दादीअम्मानं सांगितलंय." छबुबाईंनी मला नीट पाहिले आणि देवघरातला पाट काढून दिला. त्या पाटावर मी बसले.

आफ्रीनने कापड सोडले, पोथी पालथी केली आणि माझ्यावर ठेवली.

"अगं पोरी, उलटी ठेवली की!" पाटील म्हणाले.

"न्हाई काका, आता सुलटी झाली. ही लिपी उजवीकडून डावीकडं जाती. पोथीबी उजवीकडूनच उघडती. हे बघा, हे पहिलं पान."

छबुबाईंनी तोंडावर हात ठेवला. वरची बाजू म्हणून ज्या पानाला त्यांनी, त्यांच्या सासूने आणि सासूच्या सासूने दर दसऱ्याला हळदकुंकू लावले होते, ते पोथीचे शेवटचे पान होते. इतके कुंकू, इतकी हळद, की पान लाल-पिवळे होऊन कडक झाले होते. "म्हंजी आमी आजवर देवाच्या पाठीला कुंकू लावत आलतो?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या. पाटलांना हसू आले नाही.

त्यानंतर दर रविवारी आमची वारी... नाही, वारी म्हणत नाही, एसटी. सायलीने दुकानातला लाइटचा एक जुना स्टँड आणला होता, त्याला मोबाईल बांधायचा. मी पंख पसरून पोथी धरायची, आफ्रीन पान उलटायची, सायली फोटो काढायची. छबुबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मला त्या मोबाईलचा राग यायचा. सगळे काम मी करायचे आणि नाव त्याचे व्हायचे. पण खरे सांगते, इतक्या वर्षांनी मांडीवर पुस्तक आले होते. मी रागसुद्धा आनंदाने करायची.

पोथीत दखनी बोलीतली जात्यावरची गाणी होती. आफ्रीन वाचायची आणि सायली ऐकत उतरवायची:

दाना पीसूं, नींद पीसूं, रात रही है थोडी
पीव के गांव मंजे जाना है, ...... नहीं, ना घोडी

पीव म्हणजे नवरा, मंजे म्हणजे मला. त्या ठिपक्यांच्या जागी पोथीत मोकळी जागा होती. अशा मोकळ्या जागा पोथीभर होत्या, मधेच, ओळीच्या पोटात. शाई पुसली नव्हती, कागद फाटला नव्हता. कोणीतरी जाणून सोडल्यासारख्या. आफ्रीनला त्या बघवेनात. पाटीलही म्हणाले होते, "भोकं कावून ठेवायची? भरून टाका ना." मग तिने काही जागा भरल्या. पोरीला कान आहे, शब्द अगदी चपखल बसले.

शनिवारी सरांनी वाचले. "'बैल नहीं, ना घोडी.' वा! लई झकास बसलाय बैल," ते म्हणाले. "पन हा बैल कुणाच्या दावणीचा? पोथीच्या का आफ्रीनच्या?"

आफ्रीनचा चेहरा उतरला. "माझ्या, सर. पन दुसरं काय असंल तिथं?"

"मला माहीत न्हाई. तुला हाय का?"

"न्हाई."

"मग तसं लिव. 'माहीत न्हाई' म्हनायला लाजायचं न्हाई. आपल्या कामात ते फुकटचं वाक्य न्हाई, लई कष्टाचं हाय. आधी सगळं धुंडाळावं लागतं, मगच म्हनता येतं."

आफ्रीनने आपले सगळे बैल एकेक करून सोडून दिले. जागा पुन्हा मोकळ्या झाल्या. सायलीने प्रत्येक जागेवर खूण केली. पण आफ्रीनच्या मनात एक प्रश्न राहिलाच, आणि जाता जाता तिने तो विचारला, "सर, लिहिणाऱ्यानं जागा सोडल्या तरी कावून?" सर हसले. चला, पोरगी आता स्वतःच 'कावून' म्हणायला लागली होती.

उत्तर असलेच तर शेवटच्या पानावर असणार. जुन्या पोथ्यांत शेवटी लिहिणारा आपले नाव, गाव, कारण सांगतो. आणि शेवटच्या पानावर तर पिढ्यान्‌पिढ्यांची भक्ती थापलेली. पान धुवायचे म्हटले तर शाई जाणार. खरवडायचे म्हटले तर कागद जाणार. सायलीने त्याचे खूप फोटो काढून आणले होते, खिडकीच्या उजेडात, बॅटरीच्या उजेडात. कॉम्प्युटरवर सगळे लालेलाल. तिघेही त्या लाल पानाकडे बघत बसले, मी टेबलावर उघडी होते, मीही बघत बसले.

सायलीला मधेच हसू फुटले. "सर, एका लग्नात आमची अशीच फजिती झालती. स्टेजच्या पांढऱ्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं लाल अक्षरात लिवलती. बाबांनी वरून लाल लाइट सोडली, तर नावंच गायब! नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात काळा ठिपका काढलता, तेवढाच दिसायला लागला. नवरीचा मामा लई तापलता."

"नावं कावून गायब झाली?"

"लाल उजेडात लाल आन् पांढरं एकसारखंच दिसतंय, सर."

"आन् काळं?"

"काळं काळंच ऱ्हातंय..." सायलीचे वाक्य तिथेच थांबले. तिने आफ्रीनकडे पाहिले, आफ्रीनने पानाकडे. पोथीची शाई काळी होती.

 मधे यायचे नाही म्हणून सरांनी हात पाठीमागे बांधून घेतले. पुढे सायलीने काय केले ते तिच्याच शब्दांत सांगते, कारण मला त्यातले कळत नाही. कॉम्प्युटरमधला प्रत्येक फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांचा बनलेला असतो म्हणे. तिने हिरवा आणि निळा काढून टाकला. नुसता लाल ठेवला. आणि कुंकू विरघळले. हळद विरघळली. पान पांढरट झाले आणि खालून काळ्या अक्षरांच्या ओळी वर आल्या, तळ्याचे पाणी ओसरल्यावर दगड वर यावेत तशा. आफ्रीनने माझ्या पंखावर हात ठेवला होता. 

तिने वाचायला सुरुवात केली, अडखळत, पुन्हा मागे जात. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तिने सगळे मराठीत सांगितले. त्यात हरिबांचे नाव होते, पण पाटलांना हवे तसे नाही.

पहिल्यांदा बोलली सायली. "सर, हे पाटलांना सांगितलं तर पुढच्या वर्षी तुमचे तास..." 

आफ्रीन खाली मान घालून म्हणाली, "सर, शेवटचं पान वाचता आलं न्हाई, असं लिवलं तर? तिथंबी जागा सोडली तर? कुंकू हायच की. कुणाला कळणार न्हाई."

"वाचता आलं का न्हाई?"

"आलं."

"मग?" सर खुर्चीवर बसले. जरा वेळ त्यांनी चष्मा पुसला. "हे बघ. जागा सोडायची ती माहीत नसलेल्यासाठी. माहीत असलेलं झाकायसाठी न्हाई. दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात, पन एक खरी आन् दुसरी खोटी. मला भ्याव वाटत न्हाई असं न्हाई. वाटतंय. घरी दोन लेकरं हायत. पन माझं भ्याव तुमच्या कागदावर कावून यावं? काम तुमचं हाय, नाव तुमचं जानार. मी दारापर्यंत येतो. आत तुमी जायचं."

मित्रांनो, मी आयुष्यभर गुरू आणि शिष्य जवळून पाहिले. छडी मारणारे पाहिले, लाडू देणारे पाहिले. पण आपली भीती पोरांना खरी खरी सांगून, वर ती त्यांच्या डोक्यावर न ठेवणारा गुरू मी त्या दिवशी पाहिला. मला तो फार आवडला.

आफ्रीनने मान वर केली. "चारचौघांत स्टेजवर नको, सर. काकांची शोभा होईल. आधी घरी जाऊन सांगू."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही युसूफ वडगावला पोहोचलो. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता. 'आद्यकवी हरिबा पाटील यांच्या ग्रंथाचे भव्य पूजन.' त्यावर राधाकिशन पाटलांचा फोटो देवीपेक्षा थोडा मोठाच होता. सर दारापाशी थांबले ते खरोखर थांबले. पाटलांनी "या सर, या" म्हटले तेव्हाच उंबरा ओलांडून एका कडेला बसले.

पाट मांडला. मी बसले. पोथी माझ्यावर आली. छबुबाई पूजेचे ताट घेऊन उभ्याच होत्या. आफ्रीनने शेवटचे पान उघडले, मोबाईलमधला फोटो समोर धरला आणि सांगू लागली. लिहिणारा म्हणतो:

"ही गाणी कोणी रचली, मला ठाऊक नाही. मी प्रवासात वडगावी हरिबा पाटलांच्या घरी मुक्कामाला होतो. पहाटे त्या घरच्या बायका जात्यावर ही गाणी म्हणत. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकली, तशी लिहिली. जात्याच्या घरघरीत जे शब्द ऐकू आले नाहीत तिथे जागा सोडली आहे. वाचणाऱ्याने तिथे आपल्या मनचे भरू नये. चूक असेल ती माझ्या कानाची, त्या बायकांच्या तोंडाची नव्हे. जाताना ही पोथी त्याच घरी ठेवून जातो."

"आन् लिहिणाऱ्याचं नाव?" पाटलांनी विचारले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"तिथं कुंकू लई दाट हाय, काका. तेवढं न्हाई आलं."

"म्हंजी हरिबांनी रचली न्हाई?"

"न्हाई. हरिबांच्या घरातल्या बायकांनी म्हनली."

पाटील उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "सर, हे काय म्हनती ही पोरगी? तुमी शिकवलं का हे?"

"मी नुसतं इचारत गेलतो, पाटील," सर म्हणाले. "वाचलं ते या दोघींनी. शब्दन् शब्द तपासलाय. खोटा निघाला तर माझा कान धरा."

"दुपारी मंत्री येनार हायत! चौकात फ्लेक्स लागलाय! आता काय सांगू मी, माझ्या घरात कवी न्हवता म्हनून?"

 आफ्रीनने मोबाईल खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझे पंख धरले. माझ्या मनात आले, आता पोथी लाल कापडात जाणार, सरांचे तास जाणार, आणि मी परत त्या सुटकेसखाली.

तेवढ्यात छबुबाईंनी ताट खाली ठेवले. "कवी न्हवता कसा?" त्या म्हणाल्या. "बायका होत्या की. कवीच की त्या." मग त्या आफ्रीनकडे वळल्या. "त्यांची नावं हायत का गं कुठं?"

"न्हाई, काकू. लई शोधलं."

"त्यानं इचारलीच नसतील. भिंतीच्या अलीकडं बसलता ना."  मग छबुबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, त्या बाबानं येका येका शब्दासाठी जागा सोडली. तुमी येका नावासाठी सोडा. हरिबा काढा आन् तेवढी जागा मोकळी ठेवा."

 पाटील ताडताड बाहेर निघून गेले.

आता पूजा. छबुबाईंनी बोट कुंकवात बुडवले आणि ते पोथीजवळ आणून थांबल्या. सवयीने हात शेवटच्या पानाकडे गेला होता. "कुठं लावू गं आता?" त्यांनी विचारले, आणि त्यांच्या आवाजात इतका संकोच होता की मला भरून आले. एवढ्या वर्षांच्या प्रेमाला आता जागाच उरली नव्हती. आफ्रीन गोंधळली. पुस्तकावर नको म्हणावे तर सणाच्या दिवशी बाईचा हात परत जातो. तिने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "हिला लावा, काकू. पोथीचं वझं हीच वाहती."

आणि माझ्या सागवानी पंखावर, आयुष्यात पहिल्यांदा, एक ओला लाल ठिपका उमटला.

दुपारी आम्ही चौकातून निघालो तेव्हा फ्लेक्सवर माणूस चढला होता. 'हरिबा पाटील' या अक्षरांवर त्याने पांढरा कागद चिकटवला होता. आद्यकवी, आणि पुढे कोरी जागा. खाली पानाच्या टपरीवर दोघे मान वर करून उभे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "नाव कावून न्हाई बे?" सर ते ऐकून एसटीत चढेपर्यंत हसत होते. पाटील आमच्याशी जेवताना बोलले नव्हते. निघताना मात्र त्यांनी आफ्रीनच्या हातात आपट्याचे पान ठेवले होते. "घे, सण हाय," एवढेच म्हणाले होते.

सरांची नेमणूक त्या वर्षी उशिरा आली, आणि तासही कमी होऊन आले. ते कोणाच्या सांगण्यावरून, हे मला माहीत नाही, म्हणून तिथे मी जागा सोडते. सर म्हणाले, बरे झाले, शुक्रवारही मोकळा झाला. आता त्या खोलीत शुक्रवारीही पोरे येतात. कॉम्प्युटरवर त्या पोथीच्या नोंदीत कवीच्या नावापुढे मोकळी जागा आहे, आणि खाली दोन पोरींची नावे आहेत, ती वाचणाऱ्यांची.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर, माळ्यावर, देवघरात काहीतरी गुंडाळून ठेवलेले असेल. त्याला जपा. पण जपायचे म्हणजे नुसते बांधून ठेवायचे नाही, आणि वरून कुंकू लावत राहायचेही नाही. प्रेमानेसुद्धा अक्षरे झाकली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हात धुवा, हलक्या हाताने उघडा, त्याची पाठ मोडू नका, आणि वाचणारा शोधा. वाचता येईल ते खरे सांगा. येणार नाही तिथे जागा सोडा. तुमच्यानंतर कोणीतरी येईल.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी आफ्रीन मला घेऊन भीत भीतच घरात शिरली. आमिनाबीने मला हातात घेतले, उजेडात धरले आणि पंखावरचा लाल ठिपका पाहिला. "ये क्या गे?" तिने विचारले. आफ्रीनने सगळे सांगितले, जात्यावरच्या बायका, भिंतीआडचा माणूस, छबुबाईंचे थांबलेले बोट.  आमिनाबीने ओले फडके आणले आणि एसटीची धूळ पुसायला घेतली. आधी माझे पाय, मग सांधा, मग एक पंख. दुसऱ्या पंखावर आली तेव्हा तिचा हात जरा थांबला, आणि मग तिने ठिपक्याच्या भोवतीने पुसले.